सदूअण्णांची पुसून टाकलेली जनावरं

सदूअण्णा कुंभार पहिल्या भेटीत नमस्कार करत नाहीत. आधी तुमच्या गाडीवरून हात फिरवतात. डोळे मिटून, बॉनेटपासून डिकीपर्यंत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हलका तळवा ठेवून. मग डोळे उघडून तुमच्याकडे इतक्या सहानुभूतीने बघतात, की आपला कुठला तरी रिपोर्ट वाईट आलाय असं वाटायला लागतं.

माझ्या गाडीचा रिपोर्ट असा होता : "मागचं डावं दार बदललंय, साहेब. पेंट करणारा डावखुरा व्हता. आन त्येला घाई व्हती."

ही गाडी मी ज्या सद्गृहस्थाकडून घेतली, त्याने तिला कधी साधा ओरखडाही गेला नाही असं मुलांची शपथ घेऊन सांगितलं होतं. तेही एक वेळ ठीक. पण अपघात झालेल्या गाड्या तपासणं हाच माझा धंदा आहे. दोह्यातल्या एका विमा कंपनीत मी सर्व्हेअर आहे, त्याचा मला पगार मिळतो. त्या दिवसापासून अल मन्सूरातल्या माझ्या बिल्डिंगखाली मी गाडीची डावी बाजू भिंतीकडे करून लावतो.

अण्णा इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात पेंटर आहेत. मूळचे खटाव तालुक्यातले. सत्तावीस वर्षं कतारमध्ये, त्यातली पंचवीस याच शेडखाली. राहायला मागच्याच गल्लीत, एका खोलीत सहा जणांत. बायको शालनवहिनी आणि मुलगी गावी. दोन वर्षांतून एकदा महिनाभराची सुट्टी मिळते, तेवढाच काय तो संसार. उंची बेताची, मिशी भरघोस. तिच्यावर कायम कुठल्या तरी गाडीच्या रंगाचा बारीक थर बसलेला असतो, त्यामुळे ती कधी पांढरी दिसते, कधी मेटॅलिक चंदेरी. खरा रंग कुठला, हे मला आजतागायत माहीत नाही.

पण खरे अण्णा मला त्या दिवशी दिसलेच नव्हते. ते दिसले त्यानंतर दोन आठवड्यांनी.

एका जीपची उंटाशी टक्कर झाली होती. उंट चालत निघून गेला, जीप टोइंगवर आली. तिच्या दाराची दुरुस्ती नीट चालली आहे का, हे बघायला मी गेलो होतो. दार ठोकून सरळ केलेलं, पुट्टी भरलेली, वर राखाडी प्रायमर मारलेला. आणि त्या राखाडी दारावर एक ऑरिक्स उभा होता.

ऑरिक्स म्हणजे इथलं राष्ट्रीय जनावर. हरणाच्या जातीचं, पांढरं, सरळसोट लांब शिंगांचं. इथे त्याचं चित्र इतक्या ठिकाणी असतं की त्याच्याकडे कोणी बघत नाही. या ऑरिक्सकडे मात्र बघावंच लागत होतं. काळ्या पुडीत, बोटाने आणि चिंधीने काढलेला. अंगाचा भार मागच्या पायावर, मान अर्धी वळवलेली, मागून कसलासा आवाज आल्यासारखी. आणि नाकपुडी ओली होती. काळ्या पुडीने ओलं कसं काढतात, हे मला कळेना. मी हातातली फाईल जमिनीवर ठेवली. मी घाईघाईने मोबाईलवर एक फोटो काढला.

तेवढ्यात अण्णा आले. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला. त्यांनी ऑरिक्सच्या पाठीवर तो ठोकळा ठेवला आणि खसाखसा घासायला सुरुवात केली.

"अहो! अहो, काय करताय?" मी ओरडलोच.

"काम," अण्णा म्हणाले.

"अहो, पण ते चित्र!"

"संध्याकाळी बेस मारायचाय, साहेब. मॅनेजर बोंब मारंल."

पाच मिनिटांत पाठ गेली, मान गेली, ती ओली नाकपुडी गेली. दारावर उरलं फक्त एका शिंगाचं टोक आणि पुढच्या पायाचा गुडघा. अण्णांनी त्या दोन्हींभोवती पेन्सिलीने गोल काढले आणि समाधानाने म्हणाले, "हितं पत्रा खाली हाय. आन हितं बी. घावला."

या कामाची रीत जगभर सारखी आहे. प्रायमरवर काळी पूड भुरभुरायची आणि मग घासायचं. सपाट जागेवरची पूड निघून जाते, खड्ड्यातली राहते, म्हणजे कुठे पुन्हा पुट्टी भरायची ते कळतं. सगळे पेंटर पूड भुरभुरतात. अण्णा तिचं जनावर काढतात, एवढाच फरक.

"भुरभुरलं की नुसतं डाग दिसत्यात," त्यांनी मला समजावलं. "डागाकडं डोळं लागत न्हाईत. जनावर आसलं की घासायच्या आधीच तिरक्या नजरंनं कळतंय. खड्ड्यावरनं गेलेली रेघ मोडती. हरणाची पाठ मोडलेली दिसली की समजायचं, पत्रा मोडलाय."

"पण मग चित्र चुकलं असेल तर?"

अण्णांनी माझ्याकडे पहिल्यांदा आदराने बघितलं. "त्येच तर हाय नव्हं! म्हणून तर बघाय लागतंय, साहेब. लई बघाय लागतंय."

आणि मग त्यांनी बकरीची हकिकत सांगितली. नवीन असताना, कंटाळा आला म्हणून त्यांनी एका गाडीच्या पत्र्यावर काळ्या पुडीची बकरी काढली होती. तिरकं बघितलं तर मागचा पाय वाकडा. म्हणजे तिथे खड्डा. पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला, पुन्हा बकरी काढली. पाय वाकडाच. पुन्हा पुट्टी. असं तीनदा झालं. शेवटी उस्तादने, म्हणजे तेव्हाच्या मुख्य पेंटरने, येऊन हात फिरवला. पत्र्याला आता चांगलं टेंगूळ आलं होतं. खड्डा तिथे कधी नव्हताच. बकरीचा पायच अण्णांनी चुकीचा काढला होता.

"उस्तादनं शिव्या दिल्या, त्येचं काय न्हाई," अण्णा म्हणाले. "पर लाज वाटली. घरात चार बकऱ्या व्हत्या आमच्या. रोज धार काढायचो. आन तिचा मागला गुडघा कुटं वाकतोय ह्येच मला ठावं न्हवतं. रोज दिसायची, बघितली कवाच न्हवती."

तेव्हापासून अण्णांचे शुक्रवार गेले. इंडस्ट्रियल एरियात शुक्रवार म्हणजे झोप, धुणं आणि मटण. अण्णा मात्र सकाळी डबा घेऊन जनावर बघायला निघतात. मासळी बाजारात खेकडे. सूक वाकिफ या जुन्या बाजारात ससाण्यांची दुकानं आहेत, तिथे वाळूवर मांडलेल्या लाकडी खुंट्यांवर पक्षी बसलेले असतात. अण्णा दारात उभे राहतात ते दुकानदार हाकलेपर्यंत. हाकललं की पुढच्या दुकानात. अल खोरकडे जाणारा गाववाला ड्रायव्हर भेटला तर त्याच्या गाडीत बसून खारफुटीपर्यंत. बरोबर वही नाही, पेन्सिल नाही, कॅमेरा नाही. नुसतं बघायचं, आणि बघताना उजव्या हाताचा तळवा मांडीवर हळूहळू फिरत असतो.

त्यांना घेऊन वाळवंटात जाण्याचं धाडस मी एकदाच केलं. अण्णांना सांडा बघायचा होता. सांडा म्हणजे काटेरी शेपटीची जाडजूड पाल म्हणा, इथल्या वाळूत बिळं करून राहते. बीळ सापडलं. अण्णा त्याच्यासमोर सात-आठ हातांवर पालथे पडले. मी गाडीत एसी लावून बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. सांडा येईना आणि अण्णा हलेनात. तेवढ्यात एक गस्तीची गाडी धूळ उडवत आली. वाळूत पालथा पडलेला माणूस आणि गाडीत आरामात बसलेला मी, हे दृश्य बघून उतरलेल्या पोलिसाचा चेहरा काही चांगला दिसेना.

"सदीक, शू मुश्किला?" मित्रा, काय भानगड आहे, असं त्याने अण्णांना विचारलं.

अण्णांनी मान न वळवता कुजबुजून उत्तर दिलं, "माफी मुश्किल. जनावर शूफ." म्हणजे भानगड काही नाही, जनावर बघतोय.

पोलीस बिळाकडे बघू लागला. नेमका त्याच क्षणी सांडा बाहेर आला. आधी नुसतं डोकं, मग पुढचे पाय, मग अख्खा. उन्हात ताठ उभा राहिला आणि आमच्या तिघांकडे एखाद्या घरमालकासारखा बघू लागला. त्याचा काळपट रंग आमच्या डोळ्यांदेखत उतरत उतरत पिवळा झाला. ऊन अंगात भरेल तसा. मी असं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. पोलीसही टोपी हातात घेऊन उभा राहिला. जाताना त्याने अण्णांना पाण्याची थंड बाटली दिली आणि माझं लायसन्स तपासलं.

पुढच्या आठवड्यात तो सांडा एका पिकअपच्या मडगार्डवर आला. मी मुद्दाम बघायला गेलो. त्याच्या कातडीखाली पोट हलत होतं, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण गॅरेजचा मॅनेजर जोसेफ, जो केरळचा आहे आणि वेळापत्रक सोडून कशावरही विश्वास ठेवत नाही, तोही दोन मिनिटं तिथे उभा होता. मग तो नेहमीच्या घाईने म्हणाला, "यल्ला अन्ना, रब इट." आणि सांडा गेला.

"कागदावर का नाही काढत?" मी एकदा न राहवून विचारलं.

"कागूद सपाट आसतोय," अण्णा म्हणाले. "त्यात काय घावणार?"

तोपर्यंत माझ्या मोबाईलमध्ये त्यांच्या जनावरांचा एक फोल्डर झाला होता. मोठ्या अपेक्षेने मी तो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला, पण आनंद औषधालाही नाही. "ह्येचा कान चुकला. ह्यो रोहित पक्षी आसा उभा न्हाई ऱ्हात, पडंल. आन ह्यो फोटू कशाला ठेवलाय? ही गाडी तर कवाच गेली." मी प्रदर्शनाची गोष्ट काढली, तेव्हा ते इतके हसले की मिशीवरचा रंग उडाला.

मला त्यांचा राग यायचा, खरंच सांगतो. देवाने ज्याच्या हातात एवढं दिलंय, त्याने ते रोज संध्याकाळी घासून टाकावं, याला काय अर्थ आहे? आणि तरी मी दर आठवड्याला काही ना काही काम काढून तिथे जायचो.

अशात बू नासर आले.

बू नासर म्हणजे साठी ओलांडलेले एक कतारी गृहस्थ. शांत, सडपातळ, ससाण्यांचे शौकीन. त्यांच्या जीपच्या बॉनेटवर बांधकामावरची फळी पडली होती. क्लेम आमच्याच कंपनीचा, म्हणून मीही हजर होतो. बॉनेट काढून स्टँडवर ठेवलेलं, राखाडी प्रायमरवर अण्णांचा ससाणा पंख अर्धे उघडून बसलेला. बू नासर आले, बघितलं आणि थांबले. मग खाली वाकून त्याच्या शेपटीकडे बघत बसले.

"ये किसने बनाया?" त्यांनी विचारलं. जुन्या पिढीतल्या पुष्कळ कतारी लोकांना कामापुरतं हिंदी येतं.

अण्णा हातातला ठोकळा घेऊन पुढे झाले.

"ये एक पर टूटा था," बू नासर शेपटीवर बोट न टेकवता म्हणाले. "किसी ने दूसरे का पर जोड़ा है. तुमको कैसे मालूम?"

"मालूम नहीं था, साहब," अण्णा म्हणाले. "सूक में बैठा था. एक पंख का शेड मॅच नहीं था."

ससाण्याचं पीस मोडलं तर शौकीन लोक दुसऱ्या पक्ष्याचं पीस बारीक काडीने जोडतात. ते इतकं बेमालूम असतं की जोडणाऱ्यालाही नंतर ओळखू येऊ नये. बू नासर अण्णांकडे बघत राहिले. मग त्यांनी जोसेफला सांगितलं, की हा पक्षी असाच ठेवा, वरून पारदर्शक क्लिअर मारा, मला हाच पाहिजे.

"नहीं," अण्णा म्हणाले.

जोसेफने डोळे मिटून घेतले.

"इसके नीचे खड्डा है," अण्णा म्हणाले. "पंख के नीचे. मेरे हाथ से खड्डावाला गाडी नहीं जाएगा."

बराच खल झाला. शेवटी ठरलं की अण्णांनी हा ससाणा घासावा, खड्डा भरावा, बॉनेट आरशासारखं सपाट करून पांढरा बेस मारावा आणि मग त्या बेसवर रंगाने नवा ससाणा काढून वरून क्लिअर मारावा, म्हणजे तो कायमचा राहील. बेस मारला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्लिअर मारावाच लागतो, नाहीतर सगळं घासून पहिल्यापासून करा. बू नासर "इन्शाल्ला" म्हणून गेले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. अण्णांचं एक तरी जनावर जगणार होतं.

बेस मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला जोसेफचा फोन आला. "सर, युवर आर्टिस्ट इज नॉट वर्किंग."

मी पोचलो तेव्हा अण्णा पेंट बूथमध्ये त्या पांढऱ्याशुभ्र बॉनेटसमोर उभे होते. हातात टचअपची बारीक गन, शेजारी काळा, करडा, तपकिरी रंग मिसळून ठेवलेले. सकाळी सहापासून ते तसेच उभे होते. बॉनेटवर एक ठिपकासुद्धा नव्हता.

"हात चालंना," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कालपातुर वाटत व्हतं, काय, पाखरूच तर काढायचंय. पर ह्यात काय न्हाईच, साहेब. पत्रा सपाट हाय. काय शोधू?"

"काही शोधू नका. नुसता ससाणा काढा."

"नुसता कसा काढू?"

मला एकदम भीती वाटली, की मीच या माणसाच्या मागे लागून त्याचं काहीतरी मोडलं. अण्णांनाही तीच भीती असावी. ते हळू आवाजात म्हणाले, "सत्तावीस वर्सं मला वाटत व्हतं, मला जनावरं काढाय येत्यात. मला खड्डं काढाय येत्यात, साहेब. जनावरं न्हाई."

एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता जे त्यांचं स्वतःचं होतं तेच हातातून जाताना त्यांना दिसत होतं. मी बाहेर जाऊन बू नासरना फोन लावला आणि माफी मागत सगळं सांगून टाकलं. ते ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "मैं आता है."

तासाभराने ते आले. डाव्या हातात जाड हातमोजा आणि त्यावर त्यांची ससाणी, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेली. ते बूथच्या दाराशी आले तशी अण्णांनी आतूनच आरडाओरडा केला, "बाहेर, बाहेर! थिनर का वास है, पाखरू मरंल!" आणि हातातली गन टाकून स्वतःच बाहेर धावले.

गाड्या धुण्याच्या शेडच्या सावलीत बू नासर एका उलट्या डब्यावर बसले. पांढरा स्वच्छ पोशाख, खाली ग्रीसचा डबा, कसलीही फिकीर नाही. त्यांनी पक्ष्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली.

"देखो," ते अण्णांना म्हणाले. "जितना देखना है, देखो. आज मेरा कोई काम नहीं है."

अण्णा समोर उकिडवे बसले. सत्तावीस वर्षांत त्यांना असं कोणी बघ म्हणालं नव्हतं. दुकानाच्या दारातून हाकललेला माणूस आज दोन हातांवरून बघत होता. ससाणीने एकदा मान फिरवून आमच्याकडे बघितलं. ते काळेभोर डोळे माझ्यावरून गेले तेव्हा मी नकळत सरळ उभा राहिलो. मग तिने अण्णांकडे बघितलं आणि तिथेच थांबली. गॅरेजमधली ठोकाठोक एकेक करून बंद झाली. पत्रा ठोकणारे टिंकर, हेल्पर, शेजारचे टायरवाले, सगळे जरा अंतर ठेवून उभे राहिले. जोसेफने कोणालाही यल्ला म्हटलं नाही. अण्णांचा तळवा मांडीवर हळूहळू फिरत होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "इसका बायाँ खांदा नीचे है."

बू नासरनी पक्ष्याच्या त्या खांद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तार को लगा था. चार साल पहले. अभी शिकार नहीं करता. डॉक्टर को भी नहीं दिखता, बस मेरे को मालूम है."

"फिर रखा क्यूँ?"

"ये मेरे पास बैठता है," बू नासर म्हणाले. "और क्या?"

अण्णा उठले. सरळ बूथमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

बूथच्या काचेतून आम्ही बघत होतो. आधी खांदा आला. तोच डावा, किंचित उतरलेला. मग त्या खांद्यावरून पक्षी उतरत गेला, मान, छाती, पंखांच्या घड्या. अण्णा एकदाही मागे सरकून बघत नव्हते, पुसत नव्हते, थांबत नव्हते. शेवटी त्यांनी ब्रशच्या टोकाने डोळा काढला आणि काचेच्या अलीकडे उभे असलेले आम्ही चौघे-पाच जण एकाच वेळी मागे झालो. खोटं वाटेल, पण झालो. बॉनेटवरची ससाणी आता आमच्याकडे बघत होती. बू नासर हातावरच्या पक्ष्याच्या पाठीवर बोट ठेवून उभे होते. ते "माशाल्ला" म्हणाले, ते जवळजवळ ऐकूच आलं नाही.

चारच्या सुमाराला अण्णांनी स्वतः क्लिअर मारला.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी मी त्यांना कॅफेटेरियात इथला दाट दुधाचा करक चहा पाजला आणि आम्ही बंद गॅरेजात बॉनेट बघायला गेलो. ते वाळून लखलखत होतं. अण्णांनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला. चूक काढली नाही.

"वहिनींना दाखवा की," मी म्हणालो.

"तिला काय दाखवायचं? तिला वाटतंय मी गाड्या रंगवतो."

मला आधी खरं वाटेना. पण तसंच होतं. सत्तावीस वर्षांत घरी कोणाला हे माहीतच नव्हतं. दर शुक्रवारी दहा मिनिटांचा फोन, त्यात विहिरीची मोटर, मुलीची परीक्षा, गुडघेदुखी. ऑरिक्सला त्यात जागा कुठे होती? मीच त्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा बॉनेटकडे केला.

शालनवहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ह्ये कुनी काढलं?"

"म्या," अण्णा म्हणाले. चोरी पकडल्यासारखे.

"तुमी?" त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आन आजवर किती काढली आसली?"

"रोज एक. हिशेब न्हाई. पुसून टाकाय लागत्यात."

मला वाटलं वहिनी कौतुक करतील, नाहीतर रागावतील. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "मग माझं कवा काढलं न्हाई ते?"

अण्णा खाली बघू लागले. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण फोन माझ्याच हातात होता.

"चुकलं आसतं," ते शेवटी म्हणाले. "पाखरू मला तासतासभर बघाय मिळतंय. तुला सलग कवा बघितली मी? आलो की सगळं घर भरलेलं, म्हैना कसा जातोय कळत न्हाई. डोळं मिटलं तर तुजं कपाळ येतंय, टिकली येती. हनवटी येत न्हाई. खोटं कसं काढू?"

मग स्क्रीन हलली, छप्पर दिसलं, फडताळ दिसलं. वहिनींनी फोन डब्याला टेकवून ठेवला, समोर पाट घेतला आणि पदर सारखा करून बसल्या.

"बसलीया मी," त्या म्हणाल्या. "बघा."

मी फोन अण्णांच्या हातात दिला आणि बाहेर आलो. गल्ली रिकामी होती, ऊन चढत होतं. मी गाडीत बसून राहिलो. त्यांना घरी सोडायचं होतं असं नाही, त्यांची खोली मागच्याच गल्लीत आहे, पण मला निघवेना.

तासाभराने मी आत डोकावलो. अण्णांनी फोन चार्जिंगला लावून बॉनेटच्या स्टँडला टेकवला होता आणि ते समोर उकिडवे बसले होते. पलीकडे वहिनी आता सुपात शेंगा घेऊन फोडत होत्या. मधेच त्यांनी मान वर केली.

"झालं का?"

"न्हाई अजून," अण्णा म्हणाले.